कुंपणावरची खाजकुयली, रानातली सर्पगंधा आणि मेंदूचे औषध

पेडणे तालुक्यात पावसाळा ओसरला की कुंपणांवर, काजूच्या बागांच्या कडेला आणि कातळाखालच्या झुडपांत खाजकुयलीचे वेल पसरलेले दिसतात. मार्गशीर्ष-पौषात शेंगा वाळतात, त्यांच्यावरची तपकिरी मखमली लव वाऱ्याने उडते आणि हरमलची शाळकरी मुले अंग खाजवीत दवाखान्यात येतात. सावलीच्या ओलसर रानात पूर्वी सर्पगंधेची लहान झुडपे आढळत. आता ती क्वचितच दृष्टीस पडतात. या दोन वनस्पतींचे आपसात कोणतेही नाते नाही. एक शेंगावर्गातली, दुसरी करवीर कुळातली. परंतु मेंदूच्या आणि मनाच्या विकारांवरील औषधांचा जो इतिहास विसाव्या शतकात घडला, त्यात या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीने मेंदूतले जे द्रव्य रिते केले, त्याचीच सामग्री दुसरीच्या बीमध्ये भरलेली निघाली.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे. 'प्रायोगिक औषध' हा शब्द हल्ली दोन टोकांनी कानावर येतो. काही पालक मोबाईलवर परदेशातील एखाद्या नव्या औषधाची बातमी वाचून येतात व ते आपल्या मुलाला केव्हा मिळेल, असे विचारतात. दुसरीकडे तेच किंवा त्यांचे शेजारी एखादे चूर्ण निःशंकपणे चमच्याने भरवीत असतात, कारण झाडपाल्याने अपाय होत नाही अशी समजूत! वास्तविक ज्याची मात्रा, परिणाम आणि अपाय नीट मोजलेले नाहीत ते प्रत्येक द्रव्य, मग ते प्रयोगशाळेत तयार झालेले असो वा कुंपणावर उगवलेले असो, प्रायोगिकच होय.

प्रथम सर्पगंधेविषयी. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस एक मूळ खातो, ही कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. गोव्यात राहून औषधी वनस्पतींचा अभ्यास करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात सिंहलद्वीपातील अशा सर्पविरोधी मुळांची हकीकत दिली आहे. धोत्रा खाऊ घालून धन्याला भ्रमिष्ट करणारे आणि घर लुटणारे नोकरही त्याच ग्रंथात भेटतात. मनावर परिणाम करणारी वनस्पती गोव्याला नवी नाही, एवढे यावरून कळते. (पेडणे महाल मात्र त्या वेळी पोर्तुगीजांकडे नव्हता, तो आला १७८८ मध्ये.) वनस्पतीला रौवोल्फिया हे नाव मिळाले ते आउग्सबुर्गच्या लिओनहार्ट रौवोल्फ या सोळाव्या शतकातील वैद्याच्या स्मरणार्थ. त्याचा या झुडपाशी काडीचाही संबंध नव्हता. बिहारकडच्या बाजारात हेच मूळ 'पागल की दवा' म्हणून विकले जाई, आणि ते नाव अधिक शास्त्रीय म्हणावे लागेल.

आधुनिक वैद्यकात तिचा प्रवेश १९३१ मध्ये झाला. त्या वर्षी सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी दिल्लीत मुळांतून अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी काहींना हकीम अजमल खान यांचे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे वैद्य गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व उच्च रक्तदाब या दोन्हींवरील नवे भारतीय औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला. शीर्षकातच दोन्ही विकार होते. तरीही जगाने त्याकडे लक्ष दिले नाही. हिमालया कंपनीची 'सर्पिना' ही गोळी १९३४ पासून मिळत होती. डॉक्टर ती लिहीत होते, रुग्ण घेत होते. मोजमाप तेवढे कोणी केले नव्हते.

ते केले मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा सर्पगंधेच्या चाचणीचा लेख प्रसिद्ध झाला. अन्य साध्या उपायांनी ज्यांचा रक्तदाब उतरला नव्हता अशा पन्नास रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. आजच्या कसोटीने ती चाचणी तोकडी वाटेल. यादृच्छिक विभागणी नाही, आंधळेपणा नाही. परंतु औषध सुरू होण्यापूर्वी किती, नंतर किती आणि बंद केल्यावर किती, हे त्यांनी लिहून ठेवले. माझ्या मते भारतीय वैद्यकाने या लेखातून घ्यायची गोष्ट वनस्पतीपेक्षा ती वही होय. त्या लेखामुळे बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा मागवून घेतली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी तिचा मुख्य घटक वेगळा केला. तोच रेसरपिन. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड स्टेट हॉस्पिटलचे डॉ. नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांवर वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळच्या मनोरुग्णालयांत साखळदंड, बर्फाच्या पाण्याचे स्नान, इन्सुलिनची मूर्च्छा असे उपाय होत. तेथे एका गोळीने आरडाओरड थांबते, खिडक्यांच्या काचा फुटेनाशा होतात, हे दृश्य अपूर्व होते. १९५७ सालचा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला.

पुढचा भाग तितका सुखाचा नाही. काही रुग्ण शांत होण्याऐवजी खिन्न होऊ लागले. आत्महत्येच्या नोंदी झाल्या. काहींचे हात थरथरू लागले, चेहरा मुखवट्यासारखा झाला, चाल आखूड झाली, म्हणजे कंपवातच. बालरोगतज्ज्ञांनाही याचा वाटा मिळाला. प्रसूतीपूर्वी आईला रेसरपिन दिलेले असल्यास नवजात अर्भकाचे नाक गच्च बंद होई व बाळ सुस्त राही. नुकतेच जन्मलेले मूल मुख्यत्वे नाकानेच श्वास घेते, त्यामुळे ही साधी वाटणारी तक्रार प्राणावर बेतू शकत असे. १९७४ मध्ये तर 'लॅन्सेट'मध्ये एकाच वेळी तीन लेख येऊन रेसरपिनचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध जोडला गेला. पुढील मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही, पण औषधाची अब्रू गेली ती गेलीच. खिन्नतेचा आरोपही वाटला होता तितका पक्का नाही, असे अलीकडचे आढावे सांगतात. उपकार आणि अपकार दोन्ही बाबतींत घाई झाली, असे म्हणता येईल.

या अपायांतूनच मेंदूचे एक मोठे दालन उघडले. रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत रसायने साठू देत नाही. पिशव्या रित्या झाल्या की संदेश पोहोचत नाही. स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते उठून हालचाल करू लागले. म्हणजे हालचालीसाठी आवश्यक असे जे रसायन संपले होते, ते डोपापासून बनणारे डोपामिन होते. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांच्या मेंदूत ठराविक भागात डोपामिन अत्यल्प असल्याचे दाखवले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेत तोंडावाटे डोपा देऊन अंथरुणाला खिळलेल्यांना चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता खाजकुयलीकडे वळू. संस्कृत ग्रंथांत तिला कपिकच्छू, आत्मगुप्ता अशी नावे आहेत. पहिल्या नावात माकडाला सुटणारी खाज आहे, तर दुसऱ्यात स्वतःचे रक्षण स्वतः करणारी असा अर्थ. वैद्यकात तिचे बी मुख्यतः वृष्य, बलवर्धक म्हणून सांगितले गेले. आपल्या पूर्वजांना डोपामिन ठाऊक होते, असा जो अभिमान सभांतून व्यक्त होतो तो मला पटत नाही. तितकेच न पटणारे आहे ते 'हे सगळे थोतांड' असे म्हणणे, कारण १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी याच बियांतून एल-डोपा शुद्ध स्वरूपात काढला व 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये छापला. त्याचे करायचे काय हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हते. कार्लसन यांचे ससे उठून बसायला आणखी वीस वर्षे होती.

१९७८ मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या तेवीस रुग्णांवर खाजकुयलीच्या बियांचा अनुभव मांडला, मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया हेही त्या लेखाचे एक लेखक होते. नंतर झंडू कंपनीने बियांपासून तयार केलेल्या एचपी-२०० या चूर्णाची साठ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण सुधारले, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००४ मध्ये लंडनला फक्त आठ रुग्णांवर, परंतु दोन्ही बाजूंनी आंधळी अशी काटेकोर चाचणी झाली. तीस ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि सुमारे ३७ मिनिटे अधिक टिकला. आठ रुग्ण म्हणजे काहीच नव्हे, असे कोणी म्हणेल. तरी काटेकोर आठ मला सैल साठांपेक्षा अधिक सांगून जातात.

येथवरचा इतिहास वाचून एक प्रश्न स्वाभाविकपणे पडतो, आणि तो मला काही वर्षांपूर्वी एका आजीने विचारला होता. तिची आठ वर्षांची नात सकाळी चालत शाळेत जाई. दुपारनंतर पाऊल आत वळू लागे. संध्याकाळी तिला उचलून घरी आणावे लागे. रात्री झोप झाली की पुन्हा ठीक. जन्म सुखरूप, बाळ लगेच रडलेले, पाचव्या वर्षापर्यंत चाल सरळ. अन्यत्र तिला सेरेब्रल पाल्सीचे निदान चिकटले होते आणि मेंदूच्या टॉनिकच्या बाटल्या सुरू होत्या. एम. आर. आय. निर्दोष होता. सेरेब्रल पाल्सी सकाळ-संध्याकाळ पाहत नाही. ही मुलगी डोपाला प्रतिसाद देणाऱ्या डिस्टोनियाची असावी, असा संशय घेऊन तिला बांबोळीला मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवले. लेव्होडोपा-कार्बिडोपाची अल्प मात्रा सुरू झाली आणि आठवड्याच्या आत ती संध्याकाळीही चालू लागली.

या विकाराचे वर्णन जपानमधील सेगावा यांनी १९७० च्या दशकात केले. १९९४ मध्ये त्याचे जनुक सापडले. डोपा तयार करणाऱ्या विकराला लागणारा एक सहायक घटक शरीरात कमी बनतो, त्यामुळे दिवसभराच्या वापराने साठा आटतो आणि झोपेने थोडा भरतो. मुलींमध्ये तो अधिक दिसतो. कंपवाताच्या वृद्धांत काही वर्षांनी डोपाचा परिणाम डळमळीत होतो, अनैच्छिक हालचाली सुरू होतात. या मुलांत तसे सहसा होत नाही, अल्प मात्रा वर्षानुवर्षे पुरते. माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे की, जन्मवेळची काही अडचण नसताना, एम. आर. आय. निर्दोष असताना सेरेब्रल पाल्सीचे लेबल लागलेले मूल आले, तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने डोपाची चाचणी घेतल्याशिवाय ते लेबल कायम करू नये. दर किलोस दिवसाला १ मिलिग्रॅम लेव्होडोपापासून सुरुवात करून मात्रा हळूहळू ४-५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. महिनाभरात उत्तर मिळते.

आजीला मी औषधाचे मूळ सांगताना खाजकुयलीचा उल्लेख केला. तिने लगेच विचारले, तीच ना, आमच्या वंयीर कितली जाय तितली आसा, मग गोळ्या विकत कशाला घ्यायच्या? प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. शंभर गोळ्यांचे पाकीट दर महिन्याला आणणारा तो संसार होता.

उत्तर हिशेबाचे आहे. बियांत एल-डोपाचे प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असते. वेलीची जात, जमीन व पिकण्याची वेळ यांनुसार ते बदलते. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतो. तो मेंदूबाहेर डोपाचे रूपांतर रोखतो, म्हणून उलट्या कमी होतात आणि चार ते पाच पटींनी कमी मात्रा पुरते. वीस किलोच्या मुलीला दिवसाला ५० मिलिग्रॅम लेव्होडोपा पुरत असेल, तर कार्बिडोपावाचून २०० ते २५० मिलिग्रॅम लागेल. त्यासाठी एका कुंपणावरच्या बियांचे साडेतीन ग्रॅम चूर्ण पुरेल, दुसऱ्या कुंपणावरच्या बियांचे आठ ग्रॅम लागेल, आणि आपल्या हातात कोणते आले हे डोळ्यांनी कळत नाही. लवेचा एखादा तंतू चूर्णात राहिला तर मुलाच्या घशाचे काय होईल, हे वेगळे. आजीला हिशेब पटला. पहिल्या भेटीत पटला असे मात्र नाही.

बाजारातील चूर्णांची स्थितीही फार निराळी नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खाजकुयलीच्या सोळा पूरक उत्पादनांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वेळच्या मात्रेत लेव्होडोपा २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत आढळला. बोलिव्हियात गरीब कंपवातग्रस्तांना गोळ्या परवडत नाहीत म्हणून भाजलेल्या बियांचे चूर्ण देऊन पाहण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एकेका मात्रेचा निष्कर्ष उत्साहवर्धक होता. पण चौदा रुग्णांना ते रोज सोळा आठवडे देऊ गेल्यावर निम्म्यांनी सोडून दिले, काहींनी पोटाच्या त्रासामुळे तर काहींनी हालचाल बिघडत गेल्यामुळे.

याहून गंभीर अनुभव आफ्रिकेतला आहे. १९८९ मध्ये मोझांबिकच्या उत्तर भागात दुष्काळ व युद्ध यांमुळे लोकांनी खाजकुयलीच्या बिया शिजवून खाल्ल्या. एरवी ते शिजवल्याचे पाणी अनेकदा टाकून देतात, पण त्या वर्षी पाणीच दुर्मिळ होते. दोनशेहून अधिक माणसे तीव्र मनोविकृतीची लक्षणे घेऊन रुग्णालयांत आली. डोपामिन वाढले की मनाचा ताबा सुटू शकतो, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. तेथे ते गावांच्या गावांनी भोगले.

हरमलात हा विषय दूरचा नाही. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुकानांत कौंच बीज, अश्वगंधा, ब्राह्मी यांच्या चकचकीत डब्या उत्साह, एकाग्रता, झोप यांसाठी विकल्या जातात. त्या परदेशी पाहुणेच घेतात असे नाही. स्किझोफ्रेनियाची गोळी चालू असलेल्या तरुणाला घरचे 'अशक्तपणा' घालवायला खाजकुयलीचे चूर्ण देतात. गोळी डोपामिनचा मार्ग अडवते, चूर्ण डोपामिन वाढवते, आणि आजार उलटला की दोष गोळीवर जातो. कंपवाताचे आजोबा गोळी आणि चूर्ण दोन्ही घेतात. मग मान व हात आपोआप वळवळू लागतात किंवा रात्री भिंतीवर माणसे दिसू लागतात. सर्पगंधा असलेली झोपेची पुडी रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत घेतली तर उठताना घेरी येते. शिवाय सर्पगंधेच्या नावाखाली तिचीच दुसरी बहीण, रौवोल्फिया टेट्राफिला, मिसळली जाते. खरी सर्पगंधा इतकी ओरबाडली गेली की १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे. यास्तव औषधांची यादी घेताना 'आणखी काय घेता?' एवढे विचारून भागत नाही. त्याला उत्तर 'काही नाही' असेच येते, कारण चूर्णाला कोणी औषध मानीत नाही. डबीच घेऊन या, असे सांगावे लागते.

आता नव्या औषधांची बातमी घेऊन येणाऱ्या पालकांविषयी थोडेसे. आपल्या देशात औषधचाचण्यांची नोंदवही, म्हणजे सी. टी. आर. आय., २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून चाचणीपूर्व नोंदणी सक्तीची झाली. ती कोणालाही पाहता येते. २०१९ च्या नव्या नियमांनी चाचणीतील अपायाबद्दल उपचार व भरपाईची तरतूद केली आहे. मूल असेल तर पालकांची लेखी संमती लागतेच. सात वर्षांवरील मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकारही घ्यावा लागतो. मी पालकांना तीन गोष्टी विचारायला सांगतो: नोंदणी क्रमांक कोणता, तुलनेच्या गटात माझे मूल गेले तर त्याला काय मिळेल, आणि औषधाचे पैसे कोण देणार. चाचणीतल्या प्रायोगिक औषधासाठी कोणी पालकांकडून पैसे मागत असेल तर तेथेच थांबावे. मूळपेशींच्या नावाने मतिमंदत्व, स्वमग्नता व सेरेब्रल पाल्सीवर लाखो रुपये उकळणारी दुकाने याच प्रश्नाने उघडी पडतात. आपल्या तालुक्यातल्या एका कुटुंबाने त्यासाठी भाटाचा तुकडा विकलेला मला माहीत आहे.

सर्पगंधेची कथा रेसरपिनपाशी संपली नाही, हे येथे नोंदवतो. पिशव्या रित्या करण्याचे तेच तत्त्व, पण सौम्य व परत फिरवता येणारे, घेऊन टेट्राबेनाझिन तयार झाले. हंटिंग्टनच्या आजारातील अनैच्छिक हालचालींसाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडेही ते मज्जाविकारतज्ज्ञ वापरतात. २०१७ मध्ये त्याच घराण्यातील व्हॅल्बेनाझिन व ड्यूटेट्राबेनाझिन आली, तीही अशा रुग्णांसाठी की ज्यांना मनोविकाराच्या औषधांनीच तोंडाच्या व जिभेच्या हालचाली जडल्या आहेत. त्यांच्या माहितीपत्रकावर हंटिंग्टनच्या रुग्णांसाठी खिन्नता व आत्महत्येच्या विचारांचा इशारा ठळक अक्षरांत असतो.

राहिली खाजकुयलीची खाज. लवेत मुकुनेन नावाचे प्रथिन तोडणारे विकर असते, त्यामुळे अंगाची आग होते. मूल आले की प्रथम खाजवू देऊ नये, कपडे काढून बाजूला ठेवावेत, चिकटपट्टी लावून ओढून लव काढावी आणि मगच भरपूर पाण्याने धुवावे. आधी चोळले तर लव आत रुतते. शेण फासण्याची जुनी पद्धत चिकटपट्टीचेच काम करीत असावी, पण खरवडलेल्या त्वचेवर ते लावू नये; धनुर्वाताचा धोका असतो. डोळ्यांत लव गेली असेल तर डोळे स्वच्छ पाण्याने धूत राहून मुलाला थेट नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.